मिलिमीटरच्या चौदाव्या भागात एक ठोका

दर महिन्याच्या ९ तारखेला कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची गर्दी असते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून हा दिवस त्यांच्या तपासणीसाठी ठरलेला आहे. कशेळ्याच्या ग्रामीण रुग्णालयात खांडसकडच्या ठाकरवाड्यांतून आणि चौकच्या ग्रामीण रुग्णालयात इर्शाळगडाच्या बाजूच्या गावांतून आशाताई आपापल्या बायकांना घेऊन येतात. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी हे सगळे झाले की सिस्टर पोट चाचपून बाळाची पाठ कोणत्या अंगाला आहे ते ठरवतात, तिथे जेली लावून डॉप्लर टेकवतात. "एकशे चाळीस. ठोके चांगले आहेत." आकडा कार्डावर जातो आणि पुढची बाई आत येते.

आईला एवढ्याने धीर येतो आणि तो खोटा नसतो. पोटातल्या बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असावेत हे जगभर मान्य आहे. पण एकशे चाळीस ही सरासरी आहे. त्या मिनिटातले १४० ठोके सारख्या अंतराने पडलेले नसतात. एक ठोका आधीच्यानंतर ४२० मिलिसेकंदांनी येतो, पुढचा ४३३ नी, त्यापुढचा ४२६ नी. हे मागेपुढे होणे म्हणजे हृदयाचा दोष नव्हे. बाळाचा मेंदू, त्याच्या नसा आणि त्याला वारेतून मिळणारा प्राणवायू यांची खबर याच बारीक फरकांच्या क्रमात असते. ती खबर काढण्याचे जे गणित गेल्या साडेतीन दशकांत घडले, त्याला अरेषीय विश्लेषण म्हणतात. आजच्या वैद्यकात यापेक्षा विस्मयकारक गोष्टी थोड्या असतील असे मला वाटते. कारण अजून जन्मही न झालेल्या जिवाची मज्जासंस्था इथे केवळ ठोक्यांच्या अंतरांवरून, सुई न टोचता तपासली जाते.

गर्भाचे हृदय ऐकता येते हे युरोपात दोनशे वर्षांपूर्वी कळले. जिनिव्हाच्या फ्रांस्वा मेयर यांनी १८१८ मध्ये पोटाला कान लावून ते ऐकले आणि १८२१ मध्ये फ्रान्सच्या केर्गारादेक यांनी नव्यानेच निघालेला स्टेथोस्कोप त्यासाठी वापरला. आदोल्फ पिनार्ड यांचे लाकडी नळकांडे १८९५ चे. त्याचीच धातूची भावंडे आपल्या आरोग्य केंद्रांत फिटोस्कोप म्हणून अजून कामात आहेत. कानाने मात्र फक्त मोजदाद करता येत होती. दोन ठोक्यांमधले अंतर सतत कागदावर उतरवणारी यंत्रे विसाव्या शतकाच्या मध्यावर आली. अमेरिकेत एडवर्ड हॉन, उरुग्वेत रोबेर्तो काल्देयरो-बार्सिया आणि जर्मनीत कोनराड हामाखर हे त्यातले तीन मोठे कर्ते. हॉन आणि ली यांनी १९६३ मध्ये एक निरीक्षण नोंदवले आणि पुढचा सगळा विषय त्यातून निघाला. बाळ संकटात येते तेव्हा ठोक्यांचा वेग बदलण्याआधीच ठोक्याठोक्यांमधले बारीक फरक बदलतात, असे त्यांना दिसले. म्हणजे सरासरी जेव्हा "चांगले आहेत" म्हणते, तेव्हाही त्या क्रमात काहीतरी बिघडायला सुरुवात झालेली असू शकते.

या यंत्राचे नाव कार्डिओटोकोग्राफ. आपल्याकडे बायका "एनएसटी काढली" म्हणतात ती त्याच यंत्रावरची वीस मिनिटांची नोंद. पोटावर दोन पट्टे बांधतात, एक ठोक्यांसाठी आणि एक कळांसाठी. कागद मिनिटाला एक सेंटिमीटर सरकतो. आता हिशेब करून पाहा. मिनिटाला १४० ठोके म्हणजे दहा मिलिमीटरमध्ये १४० ठोके, म्हणजेच एका ठोक्याच्या वाट्याला मिलिमीटरचा चौदावा भाग. वीस मिनिटांच्या वीस सेंटिमीटर पट्टीत सुमारे २,८०० ठोके बसलेले असतात. डॉक्टरांची नजर कितीही तयार असली तरी ती त्या रेघेचा एकूण चढउतार पाहते. रेघ किती रुंद डोलते, बाळ हलले की वर जाते का, कळेबरोबर खाली येते का, एवढे दिसते. एकेक ठोका कोणालाच दिसत नाही. एकच पट्टी दोन अनुभवी डॉक्टरांना दाखवली तर ते वेगवेगळी मते देतात आणि त्याच डॉक्टरांना काही महिन्यांनी पुन्हा दाखवली तरी कधी कधी मत बदलते. यात त्यांचा हलगर्जीपणा नाही. डोळ्याची मर्यादाच तिथे येते.

ही मर्यादा ओलांडण्याचा पहिला भक्कम प्रयत्न ऑक्सफर्डमध्ये जेफ्री डॉज आणि क्रिस्टोफर रेडमन यांनी केला. संगणकाने प्रत्येक मिनिटाचे सोळा तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यातले ठोक्यांमधले सरासरी अंतर काढायचे आणि लागोपाठच्या तुकड्यांत किती मिलिसेकंदांचा फरक पडतो ते पाहायचे. या फरकाची सरासरी तीन मिलिसेकंदांखाली गेली तर बाळाच्या रक्तात आम्लता वाढल्याची दाट शंका घ्यावी, असे त्यांच्या नोंदींतून पुढे आले. १४० च्या वेगाला तीन मिलिसेकंद म्हणजे मिनिटाला जेमतेम एका ठोक्याचा फरक. इतक्या बारीक खुणेवर आज युरोपात वाढ खुंटलेल्या बाळांच्या प्रसूतीची वेळ ठरवली जाते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ट्रफल' या बहुदेशीय अभ्यासाचा तो एक आधार होता.

तरीही हे माप रेषीय आहे. फरक किती, एवढेच ते सांगते. फरकांचा क्रम कसा आहे, हे त्याला विचारता येत नाही. क्रमाचे महत्त्व समजण्यासाठी दोन नोंदी डोळ्यांपुढे आणू. पहिलीत ठोक्यांचा वेग १३५, १४५, १३५, १४५ असा एकाआड एक चालला आहे. दुसरीत तेच आकडे तितक्याच वेळा आले आहेत, पण विस्कटून: १३५, १४५, १४५, १३५, १४५, १३५, १३५, १४५. दोन्हींची सरासरी १४०. दोन्हींचा पसाराही सारखा. सरासरी आणि पसारा मोजणारे यंत्र या दोन बाळांना एकसारखे ठरवील. पहिल्या नोंदीत मात्र पुढचा आकडा आपण डोळे मिटून सांगू शकतो आणि दुसरीत सांगू शकत नाही. दोन हृदयांमधला खरा फरक इथे आहे.

हे उदाहरण कागदावरचे आहे, पण त्याचे खरे रूप प्रसूतीगृहांत भेटते. बाळाला पोटात तीव्र रक्तक्षय झाला, म्हणजे आई आणि बाळाच्या रक्तगटाच्या आरएच विसंगतीमुळे किंवा बाळाचे रक्त आईच्या रक्तात झिरपल्यामुळे, तर पट्टीवर कधी कधी अतिशय गुळगुळीत, सारख्या लाटा उमटतात. मिनिटाला तीन ते पाच लाटा आणि लाटेची उंची ५ ते १५ ठोके. निरोगी बाळाची रेघ ५ ते २५ ठोक्यांच्या पट्ट्यात डोलते. म्हणजे नुसत्या उंचीने मोजले तर ही लाट 'सामान्य'च ठरते. ती भीतीदायक असते तिच्या नियमितपणामुळे. प्रसूतितज्ज्ञ ही लाट ओळखायला शिकतात, कारण ती ठळक असते. तितका ठळक नसलेला नियमितपणा डोळ्याला सापडत नाही. तो गणिताने शोधावा लागतो.

ते गणित अमेरिकेच्या स्टीव्हन पिंकस यांनी १९९१ मध्ये मांडले. त्यांनी त्याला अ‍ॅप्रॉक्सिमेट एन्ट्रॉपी असे नाव दिले आणि पुढच्याच वर्षी व्हिस्कारेलो यांच्यासह ते गर्भाच्या ठोक्यांना लावून पाहिले. कृती अवघड नाही. लागोपाठच्या दोन मापांची एक जोडी घ्यायची, समजा १४० आणि १४२. संपूर्ण नोंदीत अशाच, किंवा ठरवलेल्या थोड्या फरकाने अशाच, जोड्या कुठे कुठे आल्या ते शोधायचे. मग प्रत्येक ठिकाणी तिसरे माप काय आले ते पाहायचे. दर वेळी तिसरे मापही जवळपास तेच आले, तर हृदय ठरीव पाठ म्हणते आहे आणि एन्ट्रॉपी शून्याकडे जाते. तिसरे माप दर वेळी वेगळे आले तर एन्ट्रॉपी वाढते. हेच नोंदीतल्या प्रत्येक जोडीसाठी करायचे. या पद्धतीत प्रत्येक जोडी स्वतःशीही जुळलेली मोजली जाते, त्यामुळे छोट्या नोंदींत ती फसते. ती उणीव रिचमन आणि मूरमन यांनी २००० साली सॅम्पल एन्ट्रॉपी काढून दूर केली. आज फोनवरही हा हिशेब क्षणात होतो.

अशा मापांना अरेषीय का म्हणतात, याचे उत्तर हृदयाच्या नियंत्रणात आहे. बाळाच्या हृदयाला दोन लगाम असतात. व्हेगस नस वेग उतरवते आणि तिचा परिणाम एकदोन ठोक्यांत दिसतो. सिंपथेटिक नसा वेग चढवतात, पण सावकाश. हे दोन परिणाम नुसते बेरीज-वजाबाकीचे असते तर गोष्ट सोपी होती. प्रत्यक्षात सिंपथेटिकचा जोर जास्त असताना व्हेगसचा तेवढाच इशारा हृदयाला अधिक खाली खेचतो. एकाचा परिणाम दुसऱ्याच्या स्थितीवर अवलंबून राहतो. शिवाय रक्तदाब आणि प्राणवायू मापणाऱ्या पेशी परत मेंदूला कळवतात, मेंदू पुन्हा हृदयाला सांगतो आणि या फेऱ्यांना वेळ लागतो. प्राणवायू थोडा कमी झाला तर काही होत नाही, आणखी थोडा कमी झाला की ठोके एकदम उतरतात. कारण दुप्पट झाले म्हणून परिणाम दुप्पट होतो असे इथे होत नाही. अरेषीय म्हणजे एवढेच.

हे केवळ म्हणणे आहे की खरे, हे तपासण्याची एक देखणी युक्ती आहे. जेम्स थायलर आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ती मांडली. मूळ नोंदीवरून संगणक अशा बनावट नोंदी तयार करतो, ज्यांत सरासरी, पसारा आणि लहानमोठ्या लहरींचे प्रमाण मूळ नोंदीसारखेच असते, पण लहरींचे एकमेकींशी असलेले नाते मोडून टाकलेले असते. मग मूळ नोंदीची आणि बनावटींची एन्ट्रॉपी शेजारी ठेवायची. दोन्ही सारख्या निघाल्या तर रेषीय मापांनी सांगितले त्यापलीकडे काही नव्हते. वेगळ्या निघाल्या तर त्या मोडलेल्या नात्यात काहीतरी होते.

नव्वदच्या दशकात या विषयात एक उतावीळपणाही शिरला होता, त्याची नोंद करायला हवी. 'केऑस'चा, म्हणजे ठरीव नियमांतूनच उपजणाऱ्या अनियमितपणाचा, तेव्हा बोलबाला होता आणि वीस-तीस मिनिटांच्या नोंदींवरून गर्भाच्या हृदयात केऑस असल्याचे सांगितले जाऊ लागले. केऑस सिद्ध करायला लांबलचक आणि स्थिर नोंद लागते. बाळ तर झोपते, जागे होते, हात-पाय मारते, श्वास घेतल्यासारखी छाती हलवते. त्याची शांत झोप वीस ते चाळीस मिनिटे, कधी त्याहून अधिक चालते आणि त्या काळात रेघ सपाट होते. म्हणून एनएसटीत बाळ झोपले असेल तर सिस्टर आईला थोडे खायला सांगतात, कूस बदलायला सांगतात आणि नोंद लांबवतात. माझ्या मते केऑसपेक्षा गुंतागुंत हा साधा शब्द इथे अधिक प्रामाणिक आहे. तिच्याबद्दलचा पुरावाही चांगला आहे. जर्मनीत पीटर व्हॅन लेउवेन यांच्या चमूने गर्भाच्या हृदयाचे चुंबकीय मापन केले. त्यात आठवडे भरत जातात तशी ठोक्यांची गुंतागुंत वाढताना दिसली. मज्जासंस्था जसजशी पक्व होते, तसतसे तिच्या चालीचा अंदाज बांधणे अवघड होत जाते.

गुंतागुंत म्हणजे गोंधळ मात्र नव्हे, आणि एन्ट्रॉपीचा मोठा सापळा इथेच आहे. पट्टा सैल झाला, बाळ सरकले, यंत्राने मध्येच आईचीच नाडी पकडली, तर नोंदीत निव्वळ खरखर येते. ती खरखर कोणत्याच अंदाजाला बसत नाही, म्हणून तिची एन्ट्रॉपी सर्वांत जास्त निघते. जास्त एन्ट्रॉपी म्हणजे जास्त निरोगी असे धरणारा इथे फसतो. यावर बॉस्टनच्या मॅडालेना कोस्टा, एरी गोल्डबर्गर आणि चुंग-कांग पेंग यांनी २००२ मध्ये उपाय काढला. एकच नोंद वेगवेगळ्या अंतरांवरून पाहायची: एकेक ठोका, मग दोन-दोन ठोक्यांची सरासरी, मग पाच-पाच, मग वीस-वीस. कर्जत स्टेशनच्या फलाटावरून ढाकच्या बाजूची डोंगररांग दातेरी दिसते. वदपपर्यंत जवळ गेले की एका सुळक्याची कडाही तितकीच दातेरी दिसते आणि पायथ्याशी उभे राहिले तर एका कातळाचीही. निरोगी हृदयाच्या नोंदीचा दातेरीपणा असाच प्रत्येक अंतरावर टिकतो. खरखर तशी टिकत नाही. वीस-वीसची सरासरी घेताच ती सपाट होते. या टिकण्याचे माप पेंग यांनी आधीच, १९९४-९५ मध्ये, एका आकड्यात पकडले होते. तो आकडा ०.५ आला तर खरखर, १.५ आला तर रेघ भरकटते आहे, आणि १ च्या आसपास आला तर दोन्हींच्या मधली ती जिवंत गुंतागुंत. प्रौढ निरोगी हृदयाची नोंद १ च्या जवळ येते.

हे गणित दवाखान्यात उतरवताना आणखी एक अडचण येते आणि तिच्याकडे बरेचदा दुर्लक्ष होते. डॉप्लरचे यंत्र प्रत्येक ठोका नेमका पकडत नाही. हृदयाच्या हालचालीवरून परतणाऱ्या ध्वनिलहरींचा थोडा वेळचा तुकडा घेऊन ते त्यातली पुनरावृत्ती शोधते आणि सेकंदाला चार वेळा एक वेग जाहीर करते. ठोके सेकंदाला दोन-सव्वादोन, आकडे चार. म्हणजे काही आकडे तेच पुन्हा येतात आणि खरे बारीक फरक थोडे घासले जातात. आपण एन्ट्रॉपी मोजतो ती हृदयाची किती आणि यंत्राची किती, हे यंत्रागणिक ठरते. नेमके ठोके हवे असतील तर आईच्या पोटावरून बाळाचा ईसीजी घ्यावा लागतो आणि त्यात आईचा ईसीजी कितीतरी जोरकस मिसळलेला असतो.

ज्या नोंदींवर जगभरचे संशोधक ही मापे तपासतात, त्या बहुतेक दोन गावांच्या आहेत. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो विद्यापीठ रुग्णालयातल्या ५५२ प्रसूतींच्या नोंदी प्रागच्या तंत्रविद्यापीठाने २०१४ मध्ये सर्वांसाठी खुल्या केल्या. पोर्तुगालमधल्या पोर्तोच्या २,१२६ नोंदींचा संच त्याआधीपासून उपलब्ध आहे. त्या दोन्ही ठिकाणच्या आया आपल्याकडच्या आयांसारख्या नाहीत. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास केला, त्यात पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो निघाले, तर इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. शिवाय आपली बाळे त्यांच्या बाळांची नुसती लहान आवृत्ती नव्हती, शरीराची ठेवणच वेगळी होती: स्नायू कमी, त्या मानाने चरबी टिकलेली. मग ब्रनोच्या बाळांवरून काढलेली एन्ट्रॉपीची सीमारेषा खांडसच्या कातकरी आईच्या अडीच किलोच्या बाळाला जशीच्या तशी लावावी का? मला ती लावणे धोक्याचे वाटते.

कर्जत-खालापूरला हा प्रश्न केवळ अभ्यासाचा नाही. कर्जत स्टेशन मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून लोकलने १०० किलोमीटर आहे आणि २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती महामार्ग खालापूरच्या अंगणातून जातो. त्याच तालुक्यांत असे पाडे आहेत जिथे गाडी पोहोचत नाही आणि अडलेल्या बाईला झोळी करून खाली आणावे लागते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा मदतकार्य करणाऱ्यांना डोंगर पायी चढावा लागला आणि ही गोष्ट साऱ्या राज्याने पाहिली. अशा ठिकाणी "ठोके उतरलेत, पनवेलला न्या" किंवा "बाळाने पोटात शी केलीय, उशीर नको" हे शब्द ऐकणाऱ्या घरापुढे गाडी, पैसे, सोबत कोण, मागे लेकरांकडे कोण पाहणार, हे सगळे एकदम उभे राहते. निर्णय दोन तास आधी घेता आला तर त्याची किंमत मुंबईतल्यापेक्षा इथे कितीतरी अधिक आहे. विनाकारण पाठवण्याची किंमतही तितकीच अधिक आहे.

त्या दोन तासांसाठी लागणारी साधने आता घराजवळ तयार होत आहेत. शंतनू पाठक आणि आदित्य कुलकर्णी यांच्या मुंबईच्या केअरएनएक्स इनोव्हेशन्सने 'फिटोसेन्स' हे फोनला जोडून चालणारे छोटे एनएसटी यंत्र बनवले आहे. नोंद फोनवर उतरते आणि लांबच्या डॉक्टरांना पाहता येते. कातकरी कुटुंबांसाठी याचा एक वेगळाच उपयोग मला दिसतो. दिवाळीनंतर ही कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि बाईचे कार्ड मागे राहते. अरेषीय मापे सर्वांत भरवशाची ठरतात ती एकाच बाळाची आजची नोंद त्याच्याच मागच्या नोंदीशी ताडताना. भट्टीवरून दुसऱ्या तालुक्यातल्या दवाखान्यात गेलेल्या बाईच्या तिसाव्या आठवड्याची नोंद तिथे उघडता आली, तर ही ताडणी शक्य होते.

पण यंत्रावरचा विश्वास किती ठेवायचा, याचे धडेही समोर आहेत. १९८५ मध्ये डब्लिनला सुमारे १३,००० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत प्रसूतीभर सतत नोंद ठेवल्याने नवजात बाळांच्या झटक्यांचे प्रमाण निम्म्यावर आले, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. २०१७ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या ४६,००० हून अधिक प्रसूतींची 'इन्फंट' चाचणी प्रसिद्ध झाली. तिथे संगणक नोंद वाचून इशारा देत होता, तरी बाळांच्या परिणामांत सुधारणा दिसली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये निरोगी स्त्रीला प्रसूतीत सतत यंत्र लावू नका, ठराविक वेळाने डॉप्लरने किंवा पिनार्डच्या नळीने ऐका, असे सांगितले. एन्ट्रॉपीसारख्या मापांनी एकाही मोठ्या चाचणीत बाळे वाचवून दाखवलेली नाहीत. म्हणून कळा सुरू झाल्यावर दर अर्ध्या तासाने आणि बाळ खाली सरकू लागल्यावर दर पाच मिनिटांनी ठोके ऐकणाऱ्या सिस्टरची जागा आज कोणतेही माप घेऊ शकत नाही. ते काम नीट होण्यासाठी रात्रपाळीला पुरेशा सिस्टर असणे ही पहिली गरज आहे.

हे गणित आपल्या बाळांवर तपासायचे तर आपल्या नोंदी हव्यात आणि त्यांना सोबत काय लागते हे ब्रनोच्या संचावरून कळते. गरोदरपणाचा आठवडा पहिल्या सोनोग्राफीवरून पक्का झालेला हवा, कारण तिसाव्या आणि अडतिसाव्या आठवड्यांची गुंतागुंत वेगळी असते. आई कुशीवर होती की पाठीवर, आणि तिला कोणती औषधे चालू होती, हे लिहिलेले हवे. बाळाच्या फुप्फुसांसाठी दिले जाणारे बीटामेथासोन दोन-तीन दिवस ठोक्यांतले फरक दबवते आणि झटक्यांसाठीच्या मॅग्नेशियम सल्फेटनेही ते थोडे कमी होतात. ही नोंद नसेल तर औषधाचा परिणाम आजार म्हणून वाचला जाईल. कोणत्या यंत्रावर नोंद काढली, तेही हवे. सर्वांत अवघड म्हणजे जन्मताच नाळेतल्या धमनीच्या रक्ताची आम्लता मोजायला हवी. ब्रनोच्या प्रत्येक नोंदीसोबत ती आहे आणि ठोक्यांवरून केलेले निदान खरे होते की खोटे, हे तिच्यावरूनच ठरते. त्यासाठी रक्तातले वायू मोजणारे यंत्र प्रसूतीगृहाच्या जवळ असावे लागते, कारण नमुना फार वेळ तसाच राहिला तर आकडा बदलतो. म्हणजे कशेळे आणि चौकला एनएसटीचे यंत्र देऊन काम संपणार नाही. उपजिल्हा रुग्णालयापर्यंत तो नमुना वेळेत नेणारे कोणीतरीही नेमावे लागेल.